फ्लूच्या साथीतला रक्ताचा फळा

रक्त नासतं, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. दुधासारखं एका दिवसात नाही, पण नासतं. ते गोठू नये म्हणून आमच्या वेळी काचेच्या बाटलीत तळाशी औषधाचं पाणी घालत आणि त्यावर रक्त धरत. अशी बाटली फ्रिजमध्ये एकवीस दिवस टिकायची. बाविसाव्या दिवशी ते कितीही लालभडक दिसो, मोरीत ओतायचं. पुरं विरजण सांडलं की आमची आई जसं तोंड करायची, तसं माझं तोंड त्या दिवशी व्हायचं.

संपादकांचं पत्र आलं, की रक्तपेढीतल्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहून पाठवा. गमती आहेत, दोन-तीन सांगतोही. पण हा कागद मी पुढे ओढला तो एका वेगळ्याच गोष्टीसाठी. ती मी बायकोखेरीज कोणाला सांगितलेली नाही, आणि तिलाही अर्धीच.

मी तेल्हाऱ्याकडचा. आमच्या घरात माझ्या आधी चौथीच्या वर कोणी गेलं नव्हतं. मी अमरावतीला राहून बी.एस्सी. झालो. निकाल लागला त्या दिवशी बाबानं बैलांच्या शिंगांना रंग लावला, पोळा दोन महिने लांब असताना. मग मला अमरावतीतल्याच एका इस्पितळात प्रयोगशाळेत जागा मिळाली. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक आहे ती माझी आहे, त्या इमारतीची नाही. वर्षभरानं तिथे रक्तपेढी निघाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. बाबा गावात सांगताना अडखळायचा. एकदा मलाच म्हणाला, "चार वर्सं कालेजात जाऊन तू लोकायचं रगत काढून राहिला? हे तं जळवाबी करते." मुली पाहायला गेलो तिथेही हाच घोळ. मुलगा काय करतो, तर रक्त काढतो. एका घरी मुलीची आजी आतूनच म्हणाली, "नको गं माय, कसाई दिसते."

पेढी म्हणजे काय, तर एक फ्रिज, एक लोखंडी खाट, रबराच्या नळ्या, आणि एक पांढरी फरशी. फरशीवर रक्ताचे दोन थेंब टाकायचे, दोन्हींत वेगवेगळं सीरम मिसळायचं, आणि कुठे दही फाटल्यासारखं होतं ते पाहून गट ठरवायचा. मग रोग्याचं आणि देणाऱ्याचं रक्त एकमेकांशी पटतं का ते पाहायचं. तासाभराचं काम. त्या तासात बाहेर नातेवाईक दार वाजवत असतात आणि तुम्ही मात्र घाई करायची नसते. घाई केली तर माणूस मरतो, न केली तरी कधी कधी मरतो. हे शिकायला पदवी लागत नाही, पण पदवी असली की लोक निदान दार जरा हळू वाजवतात.

चांदूर बाजारचा एक गडी बायकोच्या बाळंतपणासाठी रक्त देऊन गेला. बायकोला रक्त लागलंच नाही, सुखरूप सुटली. पंधरा दिवसांनी हा हजर.

"रक्तवाले बाबू, माह्यी बाटली खर्ची पडली नाही ना?"

"नाही, आहे अजून."

"तं मंग वापस टाकून द्या ना आंगात. पेरणी आली, कमजोरी वाटून राहिली."

हा गडी हसण्यासारखा होता. दुसरा एक कापसाचा दलाल आला, त्याला पुतण्यासाठी एक "ताकदीची बाटली" हवी होती. पुतण्या धडधाकट होता, फक्त लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि फोटोत गाल बसलेले दिसतील अशी काकाला धास्ती होती. मी नाही म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या फिरिजात ठेवून काय लोणचं घालनार हाये काय?"

त्याला मी ऐकवलं. मी लोकांना ऐकवायचो. शेतकऱ्याच्या पोटी येऊन शिकलो होतो, कोणाची हांजी हांजी करायची मला गरज वाटत नसे, आणि तोंडावर बोलणं हा मला माझा मोठा गुण वाटायचा. हे लक्षात ठेवा.

सत्तावन्न साली फ्लू आला. आजच्या वाचकांना ती साथ आठवणार नाही, कारण त्यात आजाऱ्यांच्या मानानं मेले थोडे. पण पडले मात्र सगळे. घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. पेरणीच्या दिवसांत वावरात माणूस नाही, शाळेत मास्तर नाही, कोर्टात वकील उभा राहिला तर पक्षकार तापानं फणफणलेला. इस्पितळाच्या व्हरांड्यात चटया टाकून माणसं झोपलेली. आमच्याकडच्या सहा परिचारिकांपैकी चार आजारी.

फ्लूच्या रोग्याला रक्त लागत नाही, मग पेढीवर संकट कसलं, असं कोणालाही वाटेल. संकट असं, की ताप असलेल्या माणसाचं रक्त घेता येत नाही. ताप उतरल्यावरही काही आठवडे घेता येत नाही. आणि इकडे बाळंतिणीचं वाहणं, बैलगाडीखाली पाय सापडणं, पोटातला व्रण फुटणं, हे काही साथ आली म्हणून थांबत नाही. माझे ठरलेले रक्तदाते म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं. ती तर एका खोलीत चौघं राहणारी, एकाला झालं की चौघांना. बघता बघता फ्रिजमधल्या बाटल्या दोन्ही हातांच्या बोटांवरून एका हाताच्या बोटांवर आल्या.

आमचे मोठे डॉक्टर पुण्याकडचे, कमी बोलणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आजपासून ज्याचं वाहतंय त्यालाच रक्त. जो नुसता पांढरा पडलाय त्याला लोहाच्या गोळ्या. हर्निया, गाठी, सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली." मी ते नियम पाळले आणि आणखी आपले काढले. तपासणीला पाच सीसीऐवजी दोनच घ्यायचं. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचंच नाही, वरून ओलं गोणपाट टाकायचं. एकवीस दिवसांना तीन दिवस उरले की ती बाटली मी हातात घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरायचो, कोणाला खरी गरज आहे का म्हणून. भाजीवालीसारखा. एकही बाटली मी त्या साथीत मोरीत जाऊ दिली नाही. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे, बाकीचं काहीही असो.

पण वाचवून वाचवून किती वाचवणार? नवीन यायला तर पाहिजे. तेव्हा मला फळ्याची कल्पना सुचली.

एक मोडका फळा मी रंगवून घेतला आणि इस्पितळाच्या फाटकाशी लावला. वर लिहिलं, "रक्त देणारे", आणि खाली गावांची नावं. त्या त्या गावाच्या माणसानं रक्त दिलं की गावापुढे त्याचं नाव. वऱ्हाडी माणूस मी, वऱ्हाडी माणसाची नस मला ठाऊक होती. तुम्ही त्याला पुण्य सांगा, तो बिडी पेटवून ऐकेल. पण शेजारच्या गावानं बाजी मारली म्हणून सांगा, तो उठून उभा राहतो. आठवड्यात चांदूर बाजारपुढे चार नावं झाली. तिथले लोक बाजाराला येताना मुद्दाम फाटकावरून जायचे. शेंदूरजनाघाटपुढे मात्र मोठं थोरलं शून्य. तिकडे साथ जोरात होती, बिचारे येणार कसे? पण मी ते शून्य रोज गिरवायचो. त्यावरून फाटकाशी चहाच्या टपरीवर वादही झडायचे.

"संत्रे विकून विकून यायचं रगतबी आंबट झालं असन, कोन घेते?"

"तुमच्या चांदूरवाल्यायचं तं म्हशीलेबी चढन."

अशानं बाटल्या यायच्या. डॉक्टरांनी फळा पाहिला आणि म्हणाले, "नावं लिहिताना त्या माणसाला विचारत चला." मी हो म्हणालो. विचारलं कोणालाच नाही. आपलं नाव फळ्यावर नको असं कोण म्हणेल, असं मला वाटायचं.

त्याच दिवसांत किसनजी भरती झाले. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातले शेतकरी, वय साठीच्या आसपास, उंच, काटक. पोटात व्रण होता, तो वाहायला लागला होता. रक्ताच्या दोन उलट्या घरी झाल्या, एक इस्पितळाच्या पायरीवर. गट ओ. माझ्याकडे ओ गटाची शेवटची बाटली होती, ती लावली. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक तरी पाहिजे. दोन मिळाल्या तर चिंता मिटली."

किसनजींची दोन्ही मुलं तापानं घरी पडली होती. सोबत आली होती ती मुलगी, वच्छला. तिला शेंदूरजनाघाटला दिलेलं. निरोप मिळाल्यावर तिचा नवरा शंकरराव दुसऱ्या दिवशी सकाळी आला, चिखलानं माखलेला, पण ठणठणीत. त्याला ताप नव्हता, आधीही येऊन गेला नव्हता. मी तपासलं, तर ओ. सासऱ्याच्या रक्ताशी पटवलं, पटलं. मला तर देव भेटल्यासारखं झालं. बाटली भरून घेतली.

तो खाटेवरून उठून बसला तेव्हा वच्छला दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरत, नवऱ्याकडे बोट करत म्हणाली, "भाऊ, एक सांगू काय? बाबाले सांगू नका यायचं रगत हाये म्हणून."

"काहून?"

शंकररावानंच सांगितलं. "मामाजी आमच्या घरचं पानीबी पीत नाहीत. सहा वर्सं झाले लगनाले. येतात, वट्ट्यावर उभे राहतात, पोरीले पाहतात, अन् जातात. लेकरू होईपर्यंत पोरीच्या घरचं काई घ्यायचं नाही म्हणतात. आमाले अजून..." तिथे तो थांबला.

ही रीत मला शिकवायची गरज नव्हती. माझा बाबा माझ्या बहिणीच्या गावी जाताना पाण्याचा तांब्या सोबत न्यायचा. दिलेल्या मुलीच्या घरचं घ्यायचं नाही, तिला मूल झालं की मग नातवाच्या निमित्तानं जेवायचं. किसनजींनी तर त्या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं आणि त्याच घरचं रक्त आम्ही त्यांच्या अंगात घालणार होतो.

"नाही सांगत," मी म्हणालो. "बाई, शब्द देतो."

बाटली लावायला मी स्वतः गेलो. किसनजी शुद्धीवर होते, आवाज क्षीण झालेला, पण डोळे पक्के. विचारलं, "हे कोनाचं हाये, बाबू?"

"बँकेचं आहे, आबाजी."

"बँकेचं म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यायचं. धान्याच्या पेवासारखं. कोन टाकलं, कोन काढलं, काही पाहायचं नाही."

ते त्यांना पटलं. हात पुढे केला. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाटली फ्रिजमध्ये गेली की ती बँकेचीच. इथपर्यंत मी बरोबर होतो.

मग मी काय केलं? बाटलीचे थेंब नीट चालू झाले हे पाहिलं, परिचारिकेला बसवलं, आणि दहा मिनिटांसाठी फाटकाशी गेलो. खडू घेतला. शेंदूरजनाघाटपुढचं शून्य पुसलं आणि तिथे मोठ्या अक्षरात शंकररावांचं पूर्ण नाव लिहिलं.

का लिहिलं? त्या शून्याला बारा दिवस झाले होते. चांदूरवाल्यांची मिजास फार वाढली होती. शिवाय आता शेंदूरजन्याहून आणखी चौघं येतील असा हिशेब होता. किसनजी खाटेवर पडलेले, त्यांना वाचता येत नाही, वच्छलालाही येत नाही. रोग्याचं नाव तर मी लिहिलंच नव्हतं. शब्द कुठे मोडला? असं सगळं मी तेव्हा मनाशी जुळवलं. शंकरराव टपरीवर चहा पीत उभा होता. नाव पाहून तो लाजला, हसला. तोही काही बोलला नाही.

परत वॉर्डात आलो. बाटली अर्धी झाली होती. वच्छला कपडे धुवायला नळावर गेली होती. तेवढ्यात किसनजींचा चुलतभाऊ दौलत गावाहून आला, हातात भाकरीचं फडकं, चेहऱ्यावर मोठा आनंद. चांगल्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"किसन, लेका, तुया जावयानं नाव काढलं! शेंदूरजनावाल्यायची पार लाज राखली. फाटकापाशी फळ्यावर एवढं मोठं नाव हाये त्याचं!"

किसनजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग माझ्याकडे. मी तेव्हा काही बोललो असतो, हसून म्हणालो असतो की हो, त्याची बाटली तिकडे एका बाळंतिणीला गेली, तर निभावलं असतं. सुचलं नाही. तोंडावर बोलणारा माणूस मी, ऐन वेळेला माझ्या तोंडाला कुलूप लागलं. त्यांनी डाव्या हातानं उजव्या हातातली सुई उपटून टाकली. नळी खाली लोंबली आणि रक्त फरशीवर गेलं.

"आबाजी, हे काय केलं!"

"पोरीच्या घरचं हाये हे."

मग मात्र मी बोललो. नको तेवढं. रक्ताला सासर-माहेर नसतं, हे सगळं अडाणीपण आहे, मी बी.एस्सी. झालोय, सूक्ष्मदर्शकातून पाहिलंय, जावयाच्या आणि सासऱ्याच्या पेशी सारख्याच दिसतात. वॉर्डातली माणसं उठून बसली. किसनजींनी डोळे मिटून घेतले. माझं संपल्यावर इतकंच म्हणाले, "तुमी मले बँकेचं म्हणले होते."

वच्छला धुणं घेऊन आली तेव्हा तिला फरशी लाल दिसली. दौलत तोवर दाराबाहेर सटकला होता. बापानं तिला विचारलं, "तुया नवऱ्याचं होतं ना हे, वच्छे?" तिनं धुणं खाली टाकलं आणि त्यांचा हात पदरानं दाबून धरला. मी आधी फाटकाशी गेलो आणि ओल्या फडक्यानं ते नाव पुसलं.

डॉक्टर मला रागावले नाहीत. तेही बरं झालं असतं. त्यांनी आगगाडीचं वेळापत्रक काढलं आणि म्हणाले, "अकोल्याला ओ आहे का विचारलंय. एक आहे म्हणतात. तुम्हीच जा." मी बडनेऱ्याहून गाडी धरली. लाकडी पेटी, तीत भुसा, भुशात बर्फ. अकोल्याच्या पेढीवाल्यानं साथीच्या त्या दिवसांत आपली एकुलती एक ओ बाटली मला दिली. त्याचं नाव इथे घेत नाही, पण त्याला मी विसरलो नाही. येताना पेटी मांडीवर घेऊन बसलो. धक्क्यानं रक्त फेसाळलं तर वाया जातं. डब्यातला एक जण म्हणाला, "भाऊ, खाली ठेवा, कुल्फी काई पळून नाही जात." मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. पटवून पाहिलं, पटलं. बाटली घेऊन किसनजींपाशी गेलो. वच्छला, शंकरराव, दौलत, सगळे उभे. शंकरराव जरा लांब, खांबाशी.

"आबाजी, ही अकोल्याहून आणली. मीच जाऊन आणली."

"कोनाची?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"दौलत, वाच नाव."

दौलतनं बाटली फिरवून पाहिली. अकोल्याच्या पेढीत बाटलीवर देणाऱ्याचं नाव लिहीत नसत. क्रमांक, गट आणि तारीख, एवढंच. तीच योग्य रीत. तो म्हणाला, "नाव नाही, किसन. आकडा हाये."

"नाव लपवलं म्हंजे त्याचंच हाये."

"आबाजी, एका माणसाचं आठ दिवसांत दोनदा घेता येत नाही. मी शपथेवर सांगतो. मी शिकलेला माणूस आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तुमी कालबी शिकेलच होते."

वच्छला त्यांच्या पायांशी बसली. "बाबा, माह्यी आन हाये. यायचं नाही हे. घ्या ना." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "झोप लागली की लावू." ते झोपले नाहीत. तिसऱ्या प्रहरी एक मोठी उलटी झाली. मी फ्रिजकडे पळालो, बाटली घेतली, कोमट पाण्यात धरली, धावत आलो. डॉक्टर मनगट धरून उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

ती बाटली मी परत नेऊन फ्रिजमध्ये ठेवली. सील तसंच होतं. दुसऱ्या दिवशी एका बाळंतिणीला लावली. ती जगली.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही. ते व्हरांड्यातलं आहे.

प्रेत न्यायला गाडी यायची होती. वच्छला भिंतीला टेकून बसली होती, शंकरराव तिच्यापुढे उकिडवा. मी कागदांवर दौलतची सही घ्यायला तिथे आलो होतो. ती नवऱ्याला म्हणत होती, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं.

"तुमाले राहवलं नाही. टपरीवर चहा पेत होते ना? तिथंच बोलले असान. सासऱ्याले रगत देलं म्हणून छाती फुगवली असन. माह्या बापाच्या कानापर्यंत नेलं तुमी."

शंकररावानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दौलतनंही पाहिलं. फळ्यावर नाव कोणी लिहिलं ते तिथे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं, "बाई, त्यांनी नाही, मी." मी ते बोललो नाही. हातातल्या कागदावर तारीख बरोबर आहे की नाही ते पाहत राहिलो. तारीख बरोबर होती. मग दौलतची सही घेतली आणि आत गेलो, आणि त्या दिवशीच्या सगळ्या फरश्या पुन्हा एकदा धुतल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारण्याआधीच फळा मी अडगळीत नेऊन टाकला. साथ ओसरली. पोरं वसतिगृहात परतली. आमच्याही बाटल्यांवर नावं लिहिणं मी बंद केलं.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. पासष्ट-सहासष्ट साल असेल. आम्ही एका शाळेत रक्तदानाचं शिबिर घेतलं होतं. रांगेत एक माणूस उभा, फेटा, मिशी पिकायला लागलेली. मी नाव विचारलं तर म्हणाला, "आकडा टाका, भाऊ. तुमी नावं लिहीत नसान आता."

शंकरराव. कामासाठी अकोल्याला आला होता, शिबिर दिसलं म्हणून शिरला. रक्त दिल्यावर मी त्याला माझ्या खोलीत नेलं, चहा मागवला. बापाच्या मागे सव्वा वर्षानं वच्छलाला मुलगा झाला होता, नंतर मुलगी. "मामाजी अजून सव्वा वर्स राहिले असते," तो म्हणाला, "तं वट्ट्यावर उभे राहाची गरज नव्हती."

मी विचारलं, "ती अजून तुम्हालाच..."

"रोज नाही. सणावाराले. पोऱ्याच्या वाढदिवसाले. बापाची आठवन आली का मंग म्हणते, तुमाले राहवलं नाही."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा सांगतलं असतं तं तिच्या भावायनं तापातून उठून तुमचं हाडूक नसतं ठेवलं. अन् तुमी अकोल्याहून बाटली आनली होती ना भाऊ, मांडीवर घेऊन. मी पाह्यलं ते. तुमच्या धोतरावर बर्फाचं पानी होतं."

मी म्हणालो, "मी येतो शेंदूरजनाघाटला. या रविवारी येतो. तिच्यासमोर बसून सांगतो."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नका येऊ. तिनं आता तुमचं ऐकलं, तं मले आठ-नऊ वर्सं जे बोलली त्याचं काय करन ती? ते वापस थोडीच घेता येते. तिचा बाप गेला, आता तिले हे एक नवीन दुःख कायले द्यायचं. मले सवय झाली हाये."

मी गेलो नाही. मला ते सोयीचंही होतं, हे लिहायला हवं. त्यानं मनाई केली म्हणून गेलो नाही, असं मी बायकोला सांगत आलो, आणि त्या मनाईच्या आडोशाला उभा राहून नोकरी संपवली, निवृत्त झालो. निरोपसमारंभात माझी ओळख करून देताना साहेब म्हणाले, साथीच्या काळात यांनी एकही बाटली वाया जाऊ दिली नाही. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. अर्धी बाटली गेली होती. ती कुठल्याच नोंदीत नव्हती.

यंदा उन्हाळ्यात वरूडकडचा एक ओळखीचा भेटला. त्याच्याकडून कळलं की शंकरराव गेले. वच्छलाबाई आहेत, मुलाजवळ असतात, कान शाबूत आहेत आणि तोंडही, असं तो हसून म्हणाला.

तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. त्या माणसानं घातलेली अट त्याच्याबरोबर संपली की आता जास्तच पक्की झाली, याचा निवाडा मला करता येत नाही. बायको म्हणते, आता कशाला जाता, म्हातारी बाई, तिच्या जिवाला घोर. तिचंही खरं असेल. पण दिवाळी झाली की मी शेंदूरजनाघाटला जाणार आहे. मला माफी नको. चाळीस वर्षं जे मला ऐकवायचं ते तिनं नवऱ्याला ऐकवलं आणि तो माझ्या वाटचं ऐकत राहिला. आता तो नाही. निदान यापुढचं तरी माझं मी ऐकून घेईन.